सोबत जाताना गप्प कसं राहायचं? (अपंगत्व अभ्यास, फील्डवर्क आणि माझी एक चूक)

सावली_उन्हाची

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबलं तर सांभाळून घ्या.

मी विद्यापीठात अपंगत्व अभ्यास म्हणजे डिसॅबिलिटी स्टडीज या विषयात एमए करतेय, दुसरं सेमिस्टर चालू आहे. विषय सांगितला की समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं, "अरे वा, पुण्याचं काम!" आणि दुसरं, "म्हणजे स्पेशल टीचर होणार का?" दोन्ही नाही. आमच्या अभ्यासात उपचार शिकवत नाहीत, शिकवणं शिकवत नाहीत, पहिल्या दिवसापासून एकच गोष्ट करायला लावतात, ती म्हणजे नजर माणसावरून काढून त्याच्या आजूबाजूच्या व्यवस्थेवर न्यायची. जिना कोणी बांधला, फॉर्म कोणी छापला, कोणाला डोळ्यासमोर ठेवून छापला, वर्गात कोण नाहीये आणि का नाहीये. इतिहास, कायदा, समाजशास्त्र, थोडं अर्थशास्त्र, थोडं साहित्य असं सगळं त्यात येतं. मला हा विषय मनापासून आवडतो, पहिल्या सेमिस्टरला तर मी घरी येऊन सगळ्यांना पकडून पकडून सांगायचे.

आणि मग फील्डवर्क सुरू झालं. मला एका तरुणासोबत काम करायला दिलंय, वय २७, बौद्धिक अक्षमता आहे, बोलतो पण शब्द जुळवायला वेळ लागतो. त्याचं नाव इथे लिहीत नाही. त्याला नकाशे प्रचंड आवडतात, अ‍ॅटलास घेऊन तासन्‌तास नदीवरून बोट फिरवत बसतो, आणि त्याला सार्वजनिक वाचनालयाचं सभासद व्हायचं होतं, त्याचं त्याने ठरवलेलं, मी सुचवलेलं नाही. आम्ही आठवडाभर तयारी केली. एका कार्डावर त्याने "मला सभासद व्हायचं आहे" हे वाक्य स्वतःच्या अक्षरात लिहिलं, ते तो रोज म्हणून बघायचा.

काउंटरवर गेलो. तिथल्या बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "ह्यांना काय हवंय?"

आणि मी उत्तर दिलं. सगळं. त्याला सभासद व्हायचंय, नाव अमुक, नकाशांची पुस्तकं आवडतात, फॉर्म मिळेल का. पाच-सात सेकंदांत सगळं सांगून मोकळी. कळलंच नाही मला काय केलं ते, फॉर्म हातात आल्यावर उलट बरं वाटलं की काम झालं. परत येताना त्याने खिशातून ते कार्ड काढलं, अर्धं दुमडलं, परत दुमडलं, अगदी सुपारीएवढं होईपर्यंत दुमडत गेला आणि परत खिशात ठेवलं. बोलला काहीच नाही. तो फॉर्म त्याने अजून भरलेला नाही.

दोन आठवडे झाले, मला ते कार्ड डोळ्यासमोरून जात नाहीये. परीक्षेत मी "दुसऱ्याच्या वतीने बोलणे आणि सत्ता" यावर आठ पानं लिहिली होती आणि चांगले मार्क पण पडले होते. मग काउंटरवर माझं तोंड का उघडलं? जे स्वतः अपंग आहेत, पालक आहेत, या क्षेत्रात काम करतायत त्यांना विचारायचंय, सोबत असूनही मध्ये न येणं हे तुम्ही कसं जमवता? सल्ला नको अनुभव सांगा, सल्ले पुस्तकात पुष्कळ आहेत.

चाकांवरून

ताई, आधी हे लिहिलंत त्याबद्दल धन्यवाद, बहुतेक जण अशी गोष्ट स्वतःशीसुद्धा कबूल करत नाहीत.

मी गेली १८ वर्षं व्हीलचेअर वापरतो. माझ्यासोबत कोणी उभं असलं की माझा आवाज बंद झाल्यासारखाच, डॉक्टरपासून बँकेपर्यंत सगळे मागे उभ्या असलेल्या माणसाला विचारतात. माझ्या मदतनिसाला मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवतो, कोणी तुला माझ्याबद्दल विचारलं तर उत्तर देऊ नकोस आणि "त्यांनाच विचारा" असंही म्हणू नकोस, फक्त मान वळवून माझ्याकडे बघ. बस. समोरच्याची नजर तुझ्या नजरेच्या मागोमाग माझ्यापर्यंत येते, दहातल्या नऊ वेळा येतेच. तोंडाने "त्यांनाच विचारा" म्हटलं की समोरचा ओशाळतो, मग तो माझ्याशी नीट बोलायच्या ऐवजी सॉरी म्हणत बसतो आणि त्याला समजावण्यात माझा वेळ जातो. आणि उभं कुठे राहायचं हेही महत्त्वाचं आहे, माझ्या बरोबरीने उभं राहिलं तर समोरच्याला दोन माणसं दिसतात आणि तो सोपं वाटेल ते निवडतो. अर्धं पाऊल मागे राहा.

दुसरं म्हणजे, व्यवस्थेकडे बघा हे तुमचे सर शिकवतात ते बरोबरच आहे, पण व्यवस्थेत मोजमाप असतं हे पण शिकवतात का? रॅम्प आहे म्हणून सांगतात आणि जाऊन बघावं तर घसरगुंडी. उतार १:१२ हवा, म्हणजे १५ सेंटीमीटरची एक पायरी असेल तर रॅम्प जवळपास १ मीटर ८० सेंटीमीटर लांब लागतो. बऱ्याच ठिकाणी त्याच्या निम्मी लांबी असते, वर जाताना खुर्ची मागे कलंडते. आणि तो रॅम्प मागच्या दाराला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. आत पोचलो तरी मी पाहुणा म्हणून पोचलो की सामान म्हणून, हे मला त्या दारावरच कळतं.

विद्यापीठाचा विषय निघालाय म्हणून अमेरिकेतल्या अपंग हक्क चळवळीतल्या एड रॉबर्ट्सची आठवण काढतो. १४ व्या वर्षी पोलिओ, मानेखाली जवळजवळ काही हलत नव्हतं, झोपायला आयर्न लंग म्हणजे श्वास चालू ठेवणारं पिंपासारखं मोठं यंत्र लागायचं. १९६२ मध्ये बर्कलेला कॅलिफोर्निया विद्यापीठात प्रवेश मिळाला, वसतिगृहात ते धूड ठेवायची सोय नाही म्हणून कॅम्पसवरच्या हॉस्पिटलमध्ये त्यांना खोली दिली. मग मागून आणखी मुलं आली, त्यांचा गट झाला, आणि १९७२ मध्ये त्यातूनच गावात सेंटर फॉर इंडिपेंडंट लिव्हिंग उभं राहिलं. तिथे स्वतंत्र जगणं याचा अर्थ सगळं स्वतःच्या हाताने करणं असा कधीच नव्हता. कपडे दुसऱ्याने घातले तरी चालेल, कुठले घालायचे आणि कधी घालायचे ते मी ठरवणार, असा होता. मला तर या एका गोष्टीने जगवलंय.

शब्दकोडं

वाचतेय. विषय वेगळा आहे, धाग्यावर नियमित येईन.

एक प्रश्न, अपंग म्हणायचं, विकलांग म्हणायचं, दिव्यांग म्हणायचं की आणखी काही? दर वेळी चुकेल अशी भीती वाटते आणि मग बोलणंच टाळलं जातं.

सहा_ठिपके

शब्दकोडं, ज्याच्याबद्दल बोलताय तो समोर असेल तर त्याला विचारा, सोपं आहे. मी स्वतःला अंध म्हणतो. "दृष्टिबाधित" म्हटलं तरी राग येत नाही. दिव्यांग मला आवडत नाही कारण माझ्यात दिव्य असं काही नाही, पण माझा एक मित्र तोच शब्द अभिमानाने लावतो आणि तो त्याचा हक्क आहे. भीतीपोटी बोलणं टाळलंत तर मात्र नक्की वाईट वाटेल.

आता मूळ विषय. मी याच विषयात एमए केलंय, पाच वर्षांपूर्वी. बाहेरच्या समाजाबद्दल बोलायच्या आधी विद्यापीठाच्या आत काय चालतं ते सांगतो. सर्वसमावेशक शिक्षण असा पेपर होता, त्याची वाचनसामग्री आली ती स्कॅन केलेली पीडीएफ, म्हणजे पानांचे फोटो. स्क्रीन रीडरला, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, त्यात अक्षर दिसतच नाही, तो "पान १, चित्र", "पान २, चित्र" असं म्हणत जातो. चाळीस पानं मी तसं ऐकलं, कुठेतरी एखादं अक्षर सापडेल म्हणून. वर्गातली मुलं समावेशनावर चर्चा करत होती आणि मी त्या चर्चेच्या दाराबाहेर. कोणी वाईट नव्हतं हो, कोणाच्या डोक्यातच आलं नाही. शेवटी दोन वर्गमैत्रिणींनी आळीपाळीने टाइप करून दिलं, त्यांचं ऋण आहेच, पण माझा अभ्यास त्यांच्या फुरसतीवर अवलंबून राहिला हे योग्य होतं का? अंध वाचकांसाठी पुस्तकांच्या सुलभ प्रती काढताना कॉपीराइट आड येऊ नये म्हणून २०१३ मध्ये माराकेश करार झाला, २०१६ पासून तो लागू आहे. कागदावरची अडचण सुटत आलीय, आळस राहिलाय.

आणि कृपया डोळ्यावर पट्टी बांधून तासभर फिरण्याचा तो प्रयोग कोणी करू नका. आमच्या विभागात दरवर्षी व्हायचा. मुलं धडपडायची, भिंतीवर आपटायची आणि पट्टी काढून रडवेल्या आवाजात म्हणायची "तुम्ही कसं जगता हो". अहो, तुम्ही अनुभवलात तो आंधळेपणाचा पहिला तास. मी काठीचा आवाज ऐकून बोळ कुठे वळतो ते ओळखतो, ते तुम्हाला पट्टीखाली कसं कळणार? त्या तासातून बाहेर येताना हातात फक्त कीव उरते, आणि किवेचा मला आजवर काही उपयोग झालेला नाही. त्याऐवजी तो तास आपल्याच विभागाची वेबसाइट फक्त कीबोर्डने, माऊस बाजूला ठेवून वापरून बघा आणि जे अडतं ते दुरुस्त करून घ्या.

एक_आई

सगळे प्रतिसाद वाचले. थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका.

माझी मुलगी १९ वर्षांची आहे, स्वमग्न आहे आणि तिला फिट्स येतात. व्यवस्थेकडे बघा, समाजाने अडथळे उभे केलेत, हे सगळं मला पटतं, तिच्या शाळेसाठी किती दारं ठोठावलीत ते माझं मला माहीत. पण रात्री तीन वाजता फिट येते तेव्हा मी कुठल्या व्यवस्थेकडे बघू? फिट समाजाने नाही आणली. सावली, तुमच्या अभ्यासात या रात्री कुठे बसतात?

आणि वतीने बोलण्याचं म्हणाल तर मी १९ वर्षं तिच्या वतीनेच बोलतेय. मी नसते बोलले तर तिच्या बाजूने कोण बोललं असतं? आता तुम्ही मंडळी म्हणता गप्प राहा. जमत नाही हो. भीती वाटते. मी गप्प राहिले आणि लोकांनी तिला गृहीत धरलं तर? आणि मी गेल्यावर काय, हा प्रश्न तर मी मोठ्याने म्हणतच नाही.

जुना_विद्यार्थी

एक_आई, तुम्ही विचारलंत तोच प्रश्न या विषयाच्या आतूनही विचारला गेलाय, त्यामुळे तुम्ही वेगळं बोललात असं नाही, मुद्द्याचं बोललात.

थोडं मागून सांगतो. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये यूपियास नावाच्या अपंग लोकांच्याच संघटनेने एक पत्रक काढलं, त्यात शरीरातली कमतरता वेगळी आणि समाजाने त्यावर लादलेलं अपंगत्व वेगळं असा फरक केला. पाय चालत नाहीत ही कमतरता, इमारतीला फक्त जिना आहे हे अपंगत्व. पुढे १९८३ मध्ये माइक ऑलिव्हर या अभ्यासकांनी याला सोशल मॉडेल हे नाव दिलं. लाखो लोकांच्या मनावरचं ओझं या एका वाक्याने उतरलं, चूक माझ्यात नाही म्हणून. पण १९९० च्या दशकात लिझ क्रो आणि नंतर टॉम शेक्सपिअर यांच्यासारखे स्वतः अपंग असलेले लोकच म्हणाले की वेदना, थकवा, आजार यांच्याबद्दल बोलायचंच नाही का? सगळे रॅम्प बांधून झाले तरी माझं दुखणं राहणार आहे, त्याचीही जागा या विचारात हवी. तुमच्या रात्री तिथे बसतात. औषध पण हवं आणि दार पण उघडं हवं, एक मागितलं म्हणून दुसरं सोडायचं नाही.

मी शिकवणं सोडून गेली दहा-अकरा वर्षं लोकांना वस्तीत, कामाच्या जागी, क्लबात सोबत करण्याचं काम करतोय. विद्यापीठ आणि वस्ती यांचं नातं तसं जुनं आहे, ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने १९७५ मध्ये या विषयावरचा सुरुवातीच्या कोर्सेसपैकी एक काढला तेव्हा नावातच "समाजातली अपंग व्यक्ती" असं होतं, आणि १९९४ मध्ये त्याचंच नाव झालं "अपंग करणारा समाज". वीस वर्षांत बोट कुठून कुठे वळलं बघा.

आता सावलीचा प्रश्न. समावेशनावर काम केलेल्या जॉन ओब्रायन यांनी हजर असणं आणि सहभागी असणं यात फरक केलाय, तो मला रोज कामाला येतो. मी एका मुलाला वर्षभर दर शनिवारी एका व्यायामशाळेत न्यायचो, रजिस्टरवर ५० हजेऱ्या, मला वाटायचं काय मस्त समावेशन चाललंय. एक दिवस मी आजारी पडलो तर तो गेलाच नाही आणि तिथे कोणाच्या लक्षातही आलं नाही. वर्षभर तो माझ्यासोबत तिथे होता, त्यांच्यासोबत नव्हता. माझं चुकलं. मीच त्याच्याशी गप्पा मारायचो, मीच त्याला वजनं उचलून द्यायचो, दुसऱ्या कोणाला जागाच ठेवली नाही.

त्यानंतर मी पद्धत बदलली. ठिकाण एकच, वार एकच, वेळ एकच, कारण ओळख वारंवार दिसण्याने होते, वेगवेगळ्या दहा ठिकाणी एकेकदा फिरवून होत नाही. तिथे त्या माणसाच्या हातात एखादं काम असलं पाहिजे ज्यासाठी बाकीच्यांना त्याची गरज पडेल, चटया घालणं असेल, किल्ली आणणं असेल. आणि मदत करताना खालच्या पायरीपासून सुरुवात करायची. आधी थांबायचं. मग विचारायचं. मग एखादा शब्द सुचवायचा, मग खूण, मग करून दाखवायचं आणि अगदीच गरज असेल तर हाताला हात. आपण घाईत उलटीकडून सुरू करतो. थांबणं ही पहिली पायरी सगळ्यात अवघड आहे, घड्याळ लावून बघा, वीस सेकंद शांतता किती लांब वाटते ते. सावली, तू गप्प राहू शकली नाहीस त्याचं कारण मला तरी हेच वाटतं, तुला ती शांतता सहन झाली नाही. ती त्याच्यासाठी अवघड नसते, आपल्यासाठी असते.

एक_आई, तुमच्यासाठी एवढंच, गप्प राहणं म्हणजे हात सोडणं नव्हे. तुम्ही आधी तिच्याशी ठरवू शकता की कुठल्या खुणेवर मी बोलायचं. तशी खूण ठरली की तुमचं बोलणं तिच्या परवानगीने होतं.

चाकांवरून

जुना_विद्यार्थी यांच्या प्रत्येक शब्दाला अनुमोदन. किल्लीचा मुद्दा तर फारच भारी. मी आमच्या बुद्धिबळाच्या गटात हिशेब ठेवतो, मी नसलो की वर्गणी अडते, म्हणून फोन येतात.

हात_बोलतात

मी कर्णबधिर आहे, मराठी माझी दुसरी भाषा, पहिली खुणांची. चुका समजून घ्या.

दुभाषी सोबत असतो तेव्हा लोक दुभाष्याकडे बघून म्हणतात "त्याला सांगा की". मी समोर आहे ना! माझ्याकडे बघून "तुम्ही" म्हणा, दुभाषी आपलं काम करेल. १९८८ मध्ये अमेरिकेत गॅलॉडेट विद्यापीठात, जे कर्णबधिरांचंच विद्यापीठ आहे, याही वेळी कर्णबधिर नसलेलीच व्यक्ती अध्यक्ष म्हणून निवडली तेव्हा मुलांनी विद्यापीठ बंद पाडलं, आणि आठवड्याभरात किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. तोवर ते विद्यापीठ सुरू होऊन १२४ वर्षं झाली होती. आमच्याबद्दल शिकवणाऱ्या किती विभागांत आमच्यातला माणूस शिकवतो? सावली, तुझ्या विभागात विचार.

सावली_उन्हाची

सगळ्यांचे खूप आभार, मी हे प्रतिसाद छापून घेऊन वर्गात वाचून दाखवले (परवानगी न विचारता, त्याबद्दल माफ करा, आयडी झाकले होते). हात_बोलतात, विचारलं. कायमच्या शिक्षकांत एकही अपंग व्यक्ती नाही. आम्ही बारा जणांनी सही करून पत्र दिलंय, निदान पाहुणे शिक्षक म्हणून तरी पैसे देऊन बोलवा, फुकट "अनुभवकथन" नको. उत्तर यायचंय.

आता वाचनालयाचं. मी त्याला सांगितलं की त्या दिवशी मी तुझं वाक्य घेतलं, मला माफ कर. तो बराच वेळ अ‍ॅटलास बघत राहिला आणि मग म्हणाला, "परत जाऊ. तू लांब." कुठे लांब ते पण त्यानेच ठरवलं, वर्तमानपत्रांचा स्टँड आहे तिथे.

मी स्टँडपाशी उभी राहिले. त्याच बाई होत्या. त्यांनी आधी सवयीने माझ्याकडेच बघितलं, मी चाकांवरून यांनी सांगितलं तसं फक्त त्याच्याकडे बघितलं आणि खरंच हो, त्यांची नजर वळली. तो बोलेना. मी मनात आकडे मोजत होते, एकतीसपर्यंत गेले, मागे दोन माणसं येऊन उभी राहिली, माझ्या हाताला घाम, आणि बत्तीसच्या आसपास तो म्हणाला, "मला सभासद व्हायचं आहे." पूर्ण वाक्य. बाई म्हणाल्या, "हो, व्हा की."

मग फॉर्मवर पालकाची सही हा रकाना निघाला. २७ वर्षांच्या माणसाला. बाईंना खात्री नव्हती, त्या आत विचारायला गेल्या. संयुक्त राष्ट्रांच्या अपंग व्यक्तींच्या हक्कांवरच्या २००६ च्या करारातलं कलम १२ मला पाठ आहे, कायद्यापुढे समान ओळख, जिभेवर आलं होतं, पण तो मागे वळून बघतोय का ते मी बघत राहिले, तो बघत नव्हता, त्याला माझी गरज नव्हती. बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, तुमचीच सही करा. त्याने सही केली, रकान्याच्या बाहेर गेली थोडी.

आता दर गुरुवारी चार वाजता जातो. दोन गुरुवार मी आत होते, तिसऱ्या वेळेपासून मी बाहेरच्या बाकावर बसते. नकाशांचं कपाट फार विस्कटलेलं होतं, ते तो खंडांप्रमाणे लावतोय, कोणी सांगितलेलं नाही, बाईंनी त्याला रिकामे पुठ्ठे दिलेत नावं लिहायला. आशिया झालं.

एक_आई

डोळ्यात पाणी आलं हो. बत्तीस सेकंद. मी काल मुलीला दुकानात बोलू दिलं, म्हणजे मी थांबले, नऊपर्यंतच मोजू शकले आणि मग बोलून गेले. पण नऊ झाले. खुणेचं पण तिला विचारलं, तिने कानाला हात लावायची खूण निवडलीय.

ते कार्ड कसं बनवलं ते सांगाल का? तिच्यासाठी करून बघायचंय.

सावली_उन्हाची

ताई, नऊ म्हणजे खूप झाले, मी तर पहिल्यांदा एकपर्यंतही मोजलं नव्हतं.

कार्ड साधं आहे, तळहाताएवढं, जाड कागदाचं. एका ओळीत एकच वाक्य, लहान वाक्य, अक्षर मोठं, शेजारी हवं तर एक चित्र, त्याने पुस्तकाचं काढलंय. शब्द तिचेच घ्या, ती जसं बोलते तसे, आपण व्याकरण दुरुस्त करायला गेलो की ते आपलं कार्ड होतं. आणि तिलाच लिहू द्या, कितीही वाकडं आलं तरी.

दुसऱ्या वेळी जायच्या आधी त्याने नवीन कार्ड केलं, जुनं दुमडून दुमडून फाटलं होतं. सभासद व्हायचं वाक्य खाली गेलं, वर त्याने एक ओळ स्वतःहून घातली, मोठ्या अक्षरात, लाल पेनने. "थांबा. मी सांगतो."